पश्चिमेस कोण?

बाबा पहिल्यांदा नेदरलँड्सला आले तेव्हा त्यांना काय काय दाखवायचं याची मी यादी केली होती. कालवे, पवनचक्क्या, फुलांची शेतं. त्यांना त्यातलं काहीएक नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात धरून ते मागच्या अंगणात गेले आणि कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजून पावलं टाकत चालले. परत आले तेव्हा चेहरा असा, की जणू काकड आरती करून आलेत.

"सरळ आहे गं! बोटभरसुद्धा इकडेतिकडे नाही."

"बाबा, बिल्डरने बांधलंय ते. सरळच असणार. मला ट्राम गाठायचीय."

"असणार काय, असणार! चौतीस वर्षं मी काय बघितलं मग?"

बाबा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. साखळी घेऊन शेतं मोजायची, हद्दीचे दगड शोधायचे आणि दोन भावांच्या शिव्या मधे उभं राहून ऐकायच्या, ही त्यांची नोकरी. घरात माझं आणि भावाचं भांडण झालं तरी "आधी हद्द कायम करा" असंच म्हणायचे. मला त्या सगळ्याचा लहानपणापासून वीट. मैत्रिणींचे वडील इस्त्रीच्या कपड्यांत घरी यायचे, माझे चिखलाचे बूट घालून. मी कॉम्प्युटरकडे वळले त्यात त्या बुटांचा वाटा मोठा आहे.

अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या उइटहॉर्न गावात आम्हाला अकरा वर्षं झाली. नवऱ्याच्या नोकरीच्या मागे मी आले, दोन वर्षं घरी बसून काढली, मग शहरात स्लोटरडाइकला एका कंपनीत लागले. नकाशांचं सॉफ्टवेअर बनवतो आम्ही. बाबा म्हणतात, "म्हणजे माझंच काम, पण बूट न घालता." मी चिडते. खरं आहे म्हणून जास्त चिडते.

आमच्या घरांच्या रांगेत, पश्चिमेकडच्या भिंतीला लागून, एक रोमानियन जोडपं राहायचं. तो गावाबाहेरच्या ग्रीनहाउसमध्ये टोमॅटोवर कामाला, ती इंजिनिअर, सकाळी माझ्याच ट्रामने जाणारी. त्याने कुंपणावरून बाबांना पावलं टाकताना पाहिलं आणि तो हसला, बाबाही हसले. बाबांचं इंग्रजी सरकारी पत्रातलं, त्याचं टोमॅटोपुरतं. तरी आठवड्याभरात दोघांची अशी गट्टी जमली की माझं ऐकून तोसुद्धा त्यांना "बाबा" म्हणायला लागला.

आता एक कबुली. बाबा यायच्या आधी, मार्चमध्ये, मी त्या माणसाचं चांगलंच नुकसान करून ठेवलं होतं.

त्याला घरी परत जायचं होतं. इथे दहा वर्षं दुसऱ्याच्या काचेखाली टोमॅटो वाढवले, आता स्वतःच्या गावात स्वतःचं छोटं ग्रीनहाउस उभं करायचं. आजोबांची जमिनीची एक पट्टी होती तिथे. पण ती त्याच्या घराण्याच्या नावावर नव्हती. कम्युनिस्ट राजवटीत गावाची सगळी शेतं एकत्र करून सामुदायिक शेती केली, तेव्हा ती गेली. राजवट कोसळल्यावर लोकांना जमिनी परत द्यायचं ठरलं, ते याच्या घरच्यांना काही साधलं नाही. आता गावात नव्याने मोजणी चालू होती आणि कच्च्या यादीत ती पट्टी "मालक अज्ञात" म्हणून लागली होती. जुलैअखेरपर्यंत हरकत घेऊन जागा दाखवली नाही, तर ती कायमची गावपंचायतीच्या खात्यात. नाव नाही तर कर्ज नाही, पाणी नाही, विजेचं कनेक्शन नाही. म्हणजे टोमॅटो उइटहॉर्नलाच.

त्याच्याकडे एकच कागद होता. आजोबांनी सामुदायिक शेतीत सामील होण्यासाठी केलेला अर्ज. केलेला म्हणजे करायला लावलेला. त्यात सोबत काय काय आणलं ते लिहिलेलं: एक बैल, एक गाडी, एक पट्टी जमीन. गंमत बघा, जमीन त्यांची होती याचा जगातला एकमेव पुरावा म्हणजे ती काढून घेतल्याचा कागद. तो त्याने प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, दोन पुठ्ठ्यांच्या मधे जपून ठेवला होता.

मी काय केलं? मी, नकाशावाली! कागदात लिहिलं होतं, उत्तरेला ओढा, ओढ्याच्या वळणाजवळ, दक्षिणेला गाडीवाट; पूर्व-पश्चिमेला नुसती माणसांची नावं, ती मी सोडून दिली. मी त्याच्या गावाचं उपग्रहचित्र उघडलं, ओढा सापडला, वळण सापडलं, गाडीवाटेचा डांबरी रस्ता झालेला तोही सापडला. रविवारच्या एका दुपारी लाल रेघेने झकास चौकोन काढला, अक्षांश-रेखांश टाकले, पीडीएफ केलं. "ही घे तुझी जमीन," म्हटलं. माझ्याच हुशारीवर मी इतकी खूश, की रात्री श्रीखंड केलं आणि त्यांच्याकडेही वाटीभर पाठवलं. त्याने पीडीएफ गावच्या कचेरीला पाठवून दिलं.

जूनमध्ये त्याच्या आईचा फोन आला. माझा चौकोन पडला होता त्या पट्टीच्या पूर्वेकडच्या शेजारणीच्या शेतावर. ऐंशी ओलांडलेली बाई, नवरा गेलेला, मुलगी इटलीत. तिच्या नावावर रीतसर झालेली जमीन यांनी मागितली असं गावभर झालं. दर रविवारी ज्या बाकावर दोघी शेजारी बसून प्रार्थना करायच्या, तिथे आता ती त्याच्या आईला बसू देईना. रस्त्यात थुंकली म्हणे.

तो आणि त्याची बायको त्या संध्याकाळी आमच्याकडे आले. त्याने ते प्लास्टिकचं फोल्डर हळूच टेबलावर ठेवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी आपली "रिझोल्यूशन कमी होतं", "इमेज जुनी होती" असलं काहीबाही पुटपुटत बसले. मला स्वतःची इतकी लाज क्वचितच वाटली असेल.

बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होते. त्यांनी विचारलं, "झालंय तरी काय?"

मग शेजारणीने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्यांना सगळं समजावलं, आणि समजावता समजावता जे सांगितलं त्याने मी थक्क झाले. ती आणि तो एकाच देशातले, पण ती डोंगराच्या अलीकडची, तो पलीकडचा. आपल्याकडे घाटाखाली आणि घाटावर म्हणतो तसं. तिच्या बाजूला दीडशे वर्षांपूर्वी व्हिएन्नाच्या बादशहाचं राज्य होतं. त्याच्या कारकुनांनी गावोगाव जाऊन प्रत्येक तुकडा मोजला, नंबर दिला आणि जाडजूड पुस्तकात उतरवला. तिने फोनवर आपल्या घरचा उतारा दाखवला. एक पान. वर नंबर, खाली मालकांची नावं, एकाखाली एक.

"अगं, हा तर सातबारा!" बाबा ओरडले. शेंगा खाली.

त्याच्या बाजूला मात्र तेव्हा वेगळं राज्य होतं. तिथे दप्तर होतं ते माणसांच्या नावांनी, जमिनीच्या तुकड्याला नंबर असा नव्हताच. कुणाची कुठली पट्टी हे गावाला तोंडपाठ असायचं, तेवढ्यावर चालायचं.

मग कम्युनिस्ट आले. डोंगराच्या दोन्ही बाजूंना तोच पक्ष, तेच कायदे. चाळीसेक वर्षं दोन्हीकडे बांध फोडले, दोन्हीकडे ट्रॅक्टर फिरला. वाटेल कुणालाही, की आता मागचं सगळं पुसलं गेलं. राजवट पडली तीही दोन्हीकडे एकाच हिवाळ्यात. आणि मग तिचे आजोबा जुन्या पुस्तकातला नंबर चिठ्ठीवर लिहून कचेरीत गेले आणि दोन-तीन वर्षांत जमीन घेऊन आले. थोडी विकली, थोडी भाड्याने दिली, ही शिकली. तिच्या गावात डेअरी आली, फर्निचरचं वर्कशॉप आलं, बाहेर गेलेली पोरं परत आली. याच्या गावात कोण कुठला मालक यावर भांडणं लागली ती अजून चालूच. पट्ट्यांत गवत माजलं, निम्म्या घरांना कुलूप, आणि हा इथे टोमॅटोत.

"नुसतं पुस्तकामुळे नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे रेल्वे आधी आली, शाळाही जास्त होत्या. आणि त्याच्या बाजूची सगळीच गावं अशी नाहीत. पण आमच्या दोन घरांपुरतं बघाल, तर पुस्तकच."

मी तिच्याकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने बघत राहिले. एकाच सोफ्यावर बसलेली दोन माणसं. एक लॅपटॉपची बॅग घेऊन ट्रामने जाते, दुसरा पहाटे रबरी बूट घालून सायकलने. मी इतकी वर्षं समजत होते, ही अभ्यासात हुशार असेल, हा नसेल. आणि त्यांच्या मधे होती कुणा मेलेल्या कारकुनाची शाई! बादशहा गेला, साम्राज्य गेलं, मग ज्यांनी सगळं बदलून टाकायची शपथ घेतली होती तेही आले आणि गेले. शाई राहिली. 

बाबांना मात्र यात नवल वाटलं नाही. "आपल्याकडे तरी काय वेगळं? इंग्रजाने आपली शेतं मोजली ती काय आपल्या भल्यासाठी? त्याला सारा हवा होता. पण नंबर पडला तो पडला. मराठवाड्यात बदली झाली तेव्हा बघितलं ना मी, निजामाच्या वेळचे कागद वेगळे, उर्दूतले. वाचणारा एक म्हातारा होता, तो आजारी पडला की तालुक्याची मोजणी बंद." मग त्यांनी हात पुसले. "तो अर्ज आणा इकडे."

बाबांना त्यातलं काही कळत नव्हतं. लिपी रोमन, पण भाषा रोमानियन, शाई फिकट. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी धरला आणि तळाशी असलेल्या चार ओळींवर बोट ठेवलं.

"ही चतुःसीमा आहे."

"काय?" शेजारणीने विचारलं.

"पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, दक्षिणेस, उत्तरेस. बरोबर?"

तिने ओळी वाचल्या आणि तोंडावर हात ठेवला. बरोबर होतं. जिथे बाबा उभ्या जन्मात गेले नाहीत त्या गावात कुणीतरी अगदी तस्संच लिहिलं होतं, जसं आमच्या मावळातल्या खरेदीखतात लिहितात.

मग बाबा माझ्याकडे वळले. आता माझी खैर नव्हती.

"तू ओढ्यावरून मोजलंस?"

"हो. कागदात ओढा आहे म्हणून."

"ओढा जागेवर राहतो का गं? सामुदायिक शेती केली म्हणतात ना, मग ट्रॅक्टर सरळ जायला ओढा सरळ केला असेल. वळण हलवलं असेल. विचार त्याला."

त्याने आईला फोन लावला. ती पलीकडून लगेच म्हणाली, हो तर, मी लहान होते तेव्हा ओढा वळवला, सगळा गाव खणायला गेला होता. हे तिला माहीत होतं. मी कुणाला विचारलंच नव्हतं. उपग्रहाला विचारलं होतं.

"दगड सापडला नाही की आम्ही शेताला हात लावत नाही," बाबा म्हणाले. "चारी शेजारी मोजायचे. त्यांचं त्यांना देऊन मधे उरतं ते ज्याचं त्याचं. आता या अर्जात पूर्वेस कोण?"

तीच बाई, म्हणजे तिचा सासरा. पश्चिमेच्या घरातलं आता कुणी उरलं नव्हतं.

"तिचं नाव लागलंय ना? मग तिच्याकडे पक्का कागद असणार. त्या कागदात चतुःसीमा असणार." बाबा थांबले. "तिच्या कागदात पश्चिमेस कोण लिहिलंय?"

 इतकी वर्षं त्या माणसाच्या आजोबांचं नाव शोधत सगळ्यांनी आपल्याच घरातली कपाटं उचकली होती. ते पूर्वेच्या शेजारणीच्या कपाटात असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि आता तो कागद मागायचा कुणाकडे, तर माझ्या लाल चौकोनाने जिची जमीन ओढली तिच्याकडे.

तो पुढच्या शनिवारी विमानाने गेला. मी म्हटलं, माफी मला मागायचीय, फोन लाव. रविवारी प्रार्थनेनंतर तो तिच्या फाटकाशी उभा राहिला. फाटक उघडलं नाही. त्याने फोन फाटकावरून आत धरला आणि पडद्यावर मला एक काळा रुमाल बांधलेलं डोकं आणि रागाने ताणलेला चेहरा दिसला. माझ्या मागे बाबा, शेजारी त्याची बायको, भाषांतराला.

पाठ केलेलं सगळं विसरले. "आजी, चूक त्याची नाही, माझी आहे," मी मराठीतच बोलून गेले, मग इंग्रजीत. "मी न बघता, न विचारता रेघ मारली. तुमची जमीन तुमचीच आहे. मला माफ करा." आणि रडायलाच लागले, चाळिशीची बाई, भोकाड पसरून.

तिने डोळे बारीक करून फोनजवळ तोंड आणलं. मग तिने विचारलं, हा मागे उभा आहे तो कोण?

"माझे वडील. जमिनी मोजायचे."

"त्यांनी मारली का रेघ?"

"नाही. ते म्हणाले, आधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

फाटक उघडलं. ती आत गेली आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात औषधांच्या चिठ्ठ्या, मुलीचे फोटो, आणि सगळ्यात खाली चौपदरी घडीचा कागद. तिने तो फोनसमोर धरला. अक्षरं हलत होती. "स्थिर, स्थिर," बाबा मराठीत म्हणत होते आणि तिला कळल्यासारखं तिने दुसऱ्या हाताचा टेकू दिला. बाबांनी डाव्या हातात त्या जुन्या अर्जाची झेरॉक्स धरली होती. एकदा अर्जातली सही, एकदा पडद्यावरची पश्चिमेची ओळ, असं एकेक अक्षर बोटाने जुळवत गेले, पहिलीतल्या मुलासारखं. शेवटचं अक्षर जुळल्यावर ते मागच्या खुर्चीत बसले.

"आहे," म्हणाले. "पश्चिमेस आहे."

आमच्या शेजाऱ्याने तिथे फाटकापाशी खाली बसून तोंड झाकून घेतलं. आजोबांचं नाव इतकी वर्षं दहा पावलांवर, बिस्किटांच्या डब्यात होतं. घेऊन जा, ती म्हणाली, कचेरीत दाखव, मी पण येते. त्याने विचारलं, तुम्ही का येता, इतकं झाल्यावर? तिचं उत्तर त्याच्या बायकोने मला सांगितलं ते असं: "माझ्या पश्चिमेला कुणी नसेल, तर माझं शेत संपतं कुठे?"

मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. पुस्तक नसलेल्या मुलखात इतकी वर्षं पुस्तकाचं काम कोण करत होतं ते मला त्या क्षणी दिसलं, आणि तीच माणसं आता एकेक करून संपत होती.

हरकत मुदतीत गेली. बाबा ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्याला परतले, विमानतळावरसुद्धा "निकाल कळव, निकाल कळव" करत. ऑक्टोबरात पट्टी आजोबांच्या वारसांच्या नावावर लागली. पहिल्यांदाच तिला नंबर पडला. शेजाऱ्याने उतारा छापून कुंपणावरून नाचवला आणि मी अंगणात एकटीच टाळ्या पिटत बसले. नोव्हेंबरात त्यांनी सामान व्हॅनमध्ये भरलं. ती तिथून लॅपटॉपवर काम करणार होती. जाताना त्याने मला टोमॅटोच्या बियांची पुडी दिली आणि म्हणाला, "बाबांना सांग, पहिला टोमॅटो पूर्वेच्या आजीला."

डिसेंबरात त्याने ग्रीनहाउसच्या सांगाड्याचा फोटो पाठवला. मी तो बाबांना धाडला आणि लगेच त्यांचा फोन आला. इतके खूश होते की ऐकू कमी येत असूनही फोन स्पीकरवर टाकायचं विसरून बोलत होते. सांगाड्याची दिशा बरोबर आहे, ओढ्यापासून अंतर सोडलंय, शाबास. मग म्हणाले, "आणि तुझ्या पश्चिमेस आता कोण?"

"रिकामं आहे घर. कुणी आलं नाही अजून."

"दक्षिणेस?"

"मागच्या अंगणाच्या पलीकडे एक कुटुंब आहे. दोन मुलं, कुत्रा."

"नाव?"

"माहीत नाही."

"बरं, पूर्वेस?"

"एक डच बाई आहे. वय झालंय. एकटीच असते. भेटली की हात करते."

"नाव गं?"

 टपालपेटीवर असेल, मनात म्हटलं. अकरा वर्षं तिच्या भिंतीला भिंत लावून राहतेय मी. तिच्या नळाचा आवाज ओळखते, नाव ओळखत नाही. "बाबा, इथे लागत नाही ते," मी जरा चिडूनच म्हटलं. "खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, सगळी नोंद असते. इंच न् इंच."

"असू दे की नोंद. चांगलीच आहे. नोंद त्या पोराच्या बायकोकडेही होती. पण ज्याच्याकडे नव्हती तो कुणामुळे वाचला?" त्यांचा आवाज मऊ झाला. "अकरा वर्षं झाली बाळा. तू तिथे राहतेस, हे सांगणारा एकच होता, तो गेला."

फोन ठेवला आणि मला एकदम रडू आलं. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर तो इथला करडा उजेड. मग उठले. सकाळी केलेल्या रव्याच्या लाडवांतले सहा डब्यात भरले, चपला अडकवल्या आणि पूर्वेचं दार वाजवलं.

तिने दार उघडलं. मला ओळखलं, पण कुठून ते आठवेना असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मी माझं नाव सांगितलं, तिचं विचारलं, आणि माझ्या मोडक्या डचमध्ये म्हटलं, "मी तुमच्या पश्चिमेला राहते."